४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? तिचे गणिती गुणधर्म कोणते?

मूळ नाही. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७, आणि हे दोन्ही अवयव मात्र मूळ आहेत. तुम्हाला ती मूळ वाटली असेल तर नवल नाही, सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा खुद्द इथेच फसला होता.

ही संख्या म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६ घेतले तर ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ मिळतात. पाचही मूळ! त्यावरून पुढच्या सगळ्याही मूळच निघतील असं फर्माला १६४० च्या सुमारास वाटलं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने ६४१ हा अवयव दाखवला आणि पुढचीच, म्हणजे हीच संख्या गळाली. त्यामागचा नियम मला फार सुंदर वाटतो: हिच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं की बाकी १ उरलीच पाहिजे. मग तपासायच्या मूळ संख्या उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचवीलाच काम झालं. नाहीतर हिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्यांनी भागून बघायची तयारी ठेवावी लागली असती.

६४१ ने भाग जातो हे मोठा भागाकार न करताही पटवता येतं, वही घेऊन नक्की करून बघा. ६४१ = ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी −१ धरता येते (६४१ ला एकच कमी पडतो). चौथा घात केला की ६२५ × (२ चा २८वा घात) याची बाकी १. पण ६२५ = ६४१ − १६, म्हणजे ६२५ च्या जागी −१६ चालेल. १६ म्हणजे २ चा चौथा घात. तेव्हा २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ येते. त्यात १ मिळवा, बाकी शून्य.

वर्गीकरण सांगायचं तर ती विषम, संयुक्त आणि न्यून आहे. न्यून म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी, इथे ती फक्त ६७,०१,०५९ भरते. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². मूळ संख्येच्या बाबतीत असा प्रकार एकच असू शकतो, त्यामुळे ती संयुक्त असल्याचा हा स्वतंत्र पुरावाच आहे.

शिवाय ती २ या पायाची छद्ममूळ संख्या आहे. फर्माच्याच छोट्या प्रमेयावरची कसोटी (पायाचा, संख्येपेक्षा १ ने कमी इतका घात करून संख्येने भागलं की बाकी १ उरते का) पाया २ घेऊन लावली तर ती मूळ असल्यासारखी पार पडते. पाया ३ घेतला की लगेच पकडली जाते.

तिच्यापेक्षा २ ने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही संख्याही बघा. ती वरच्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार आहे, आणि केवळ पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांपैकी आज माहीत असलेल्या सर्वात मोठ्या बहुभुजाला इतक्याच बाजू आहेत.