स्कान्नोला जा, पण दुपारी दीड वाजता पोचू नका

तुम्ही विचारलंय की रोम-व्हेनिसची गर्दी सोडून इटलीतल्या एखाद्या शांत, जुन्या वळणाच्या गावात दोन दिवस काढावेत का, आणि भाषा येत नसेल तर तिथे अवघडल्यासारखं होतं का. होतं. तरी जा.

मी आणि नवरा अब्रुझ्झो प्रांतातल्या स्कान्नोला तीन रात्री राहिलो. साधारण १०५० मीटर उंचीवरचं, दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. रोमच्या तिबुर्तिना स्टेशनवरून ट्रेनने सुलमोना आणि तिथून बस. ती सजित्तारिओच्या खिंडीतून जाते आणि वळणांवर कडा इतका जवळ येतो की खिडकीतून हात लावावासा वाटतो. बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानात आधीच घेऊन ठेवा, बाहेर मोठ्या ‘टी’ची पाटी असते. रविवारी बस फार कमी, म्हणून परतीची वेळ जातानाच बघून घ्या.

आम्ही दुपारी दीडला उतरलो. सगळी दारं बंद. वाणसामानाचं दुकानसुद्धा. नवरा पुण्याचा, त्याला एक ते चारचं काय कौतुक! पण पोटात कावळे ओरडत होते. शेवटी पायऱ्यांवर बसून बॅगेतला चिवडा संपवला. बॅगेचं म्हणाल तर चाकांची आणूच नका. दगडी गल्ल्या आणि पायऱ्यांवर तिचा एवढा खडखडाट होतो की आपण आलोय हे गावभर कळतं.

हे गाव फोटोंमुळे नावाजलं. १९५१ साली फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ इथे आला, पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटालियन फोटोग्राफर मारिओ जाकोमेल्ली. काळ्या पोशाखातल्या बायका, पांढऱ्या भिंती, उतरत्या गल्ल्या. तो पोशाख आता बहुतेक सणासमारंभातच दिसतो. मीही तेच फोटो डोक्यात घेऊन गेले होते. पहिल्याच संध्याकाळी बाकावर काळा स्वेटर घातलेली एक आजी दिसली आणि मी मोबाइल वर केला. तिने माशी हाकलावी तसा हात हलवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या दारात कोणी न विचारता असं केलं असतं तर आपणही तेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी मोबाइल पिशवीतच ठेवला आणि नुसतं ‘बुऑनजोर्नो’ म्हटलं. तिनेही म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिने आधी म्हटलं. म्हणून सांगते, दोन नाही, तीन रात्री राहा.

इथले पुरुष शतकानुशतकं थंडीच्या आधी मेंढरं घेऊन खाली पुलियाच्या मैदानात उतरायचे, आपल्याकडचे धनगर कोकणात उतरतात तसे, आणि मागे गाव बायका सांभाळायच्या. मेंढपाळांच्या या ये-जा करण्याच्या परंपरेला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. जेवणातही मेंढीच. काडीला टोचून भाजलेले मटणाचे बारीक तुकडे, आरोस्तिचिनी, मी आवडीने खाल्ले. नवरा शाकाहारी. तारा ताणलेल्या लाकडी चौकटीवर कापलेला ‘कितार्रा’ पास्ता टोमॅटोच्या रश्शात मागवायचा आणि ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांस नको, हे दोनदा सांगायचं. बिलात माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो, त्यावरून वाद घालू नका, तो सगळ्यांनाच असतो.

शांतता हवी असेल तर ऑगस्टचा मध्य टाळा. सुट्टीवर आलेल्या इटालियनांनीच गाव भरून जातं.

शेवटच्या दिवशी एका सोनाराच्या दुकानात शिरलो. इथली तारकाम केलेली ‘प्रेझेंतोझा’ प्रसिद्ध आहे. चांदणीसारखं लोलक, मधे एक किंवा दोन बदाम. लग्न ठरल्याची खूण म्हणून मुलीला द्यायचे. म्हातारबुवांचं लक्ष माझ्या मंगळसूत्राकडे गेलं. मी काढून हातात दिलं. त्यांनी भिंग लावून दोन्ही वाट्या उलटून पाहिल्या, बोटाने ‘दोन का?’ असं विचारलं. मी एकीवर बोट ठेवून ‘मम्मा’ म्हटलं आणि दुसरीवर ठेवून नवऱ्याकडे बोट दाखवलं. ते हसले आणि खणातून दोन बदामांची प्रेझेंतोझा काढून शेजारी मांडली.

किंमत विचारली. नवऱ्याने घड्याळात पाहिलं. आम्ही शेजारून चॉकलेट चढवलेला ‘पान देल्लोर्सो’ केक घेतला आणि बस गाठली.