वळू एक आणि रिपोर्ट दोन

प्रश्न: आमच्या गायी सारख्या उलटतायत, आणि २१ दिवसांनी नाही तर कधी २७, कधी ३५ दिवसांनी परत माजावर येतात. वळू दिसायला एकदम ठणठणीत आहे. त्याच्या शिश्नावरणाचं धुवण दोन लॅबमध्ये दिलं, एकीने कॅम्पायलोबॅक्टर फीटस या जंतूची ‘फीटस’ ही उपप्रजाती सांगितली, दुसरीने ‘व्हेनेरिॲलिस’. आता खरं कुणाचं धरायचं?

उत्तर: लॅबवाल्यांवर लगेच चिडू नका, दोघांनीही काम नीट केलेलं असू शकतं. या दोन उपप्रजाती जीन्सच्या बाबतीत एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की वेगळं काढताना भलेभले अडकतात. वागणं मात्र वेगळं. फीटस मुळात आतड्यात राहणारा, शेणातून बाहेर पडतो, चाऱ्यापाण्यातून पोटात जातो आणि मग एखादी गाय मधेच गाभडते. व्हेनेरिॲलिस जननमार्गातच मुक्काम ठोकतो, भरवताना वळूकडून गायीत जातो, गर्भ अगदी सुरुवातीलाच मरतो आणि म्हणून गाय अशी उशिरा, अनियमित उलटते. तुमचं वर्णन वाचून मला तरी दुसऱ्याचाच संशय येतोय, पण ट्रायकोमोनास नावाचा परजीवीही हुबेहूब असाच त्रास देतो, तीही टेस्ट करून घ्या.

घोळ होतो तो असा. जुनी पद्धत म्हणजे १ टक्का ग्लायसिन (एक अमिनो आम्ल) घातलेल्या मीडियावर, म्हणजे लॅबमधल्या खाद्यावर, जंतू वाढवून बघायचा, फीटस वाढतो, व्हेनेरिॲलिस वाढत नाही. पण जीनमधल्या एखाद्या बदलाने, म्हणजे म्युटेशनने, व्हेनेरिॲलिसलाही ग्लायसिन सोसायला लागतं, की झाला रिपोर्ट उलटा. पीसीआरने, म्हणजे जंतूचा ठराविक जीन शोधणाऱ्या टेस्टने, प्रश्न सुटेल असं वाटलेलं, पण त्यात बऱ्याचदा शोधला जाणारा पारए हा जीन काही व्हेनेरिॲलिसमध्ये नसतोच, आणि कधीकधी भलत्याच कॅम्पायलोबॅक्टरमध्ये सापडतो, कारण असे जीन एका जंतूतून दुसऱ्यात उड्या मारतात. त्यामानाने ७ जीन्सचा क्रम वाचून टाइप ठरवायची पद्धत बरी. तिच्यात बहुतेक व्हेनेरिॲलिस ४ नंबरच्या एकाच टाइपमध्ये येतात, म्हणजे विविधता फारच कमी. जमलं तर लॅबला पूर्ण जीनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, वाचता येईल का विचारा.

आता गंमत बघा, स्ट्रेन, म्हणजे एकाच जंतूचे पोटप्रकार, एकमेकांसारखे असले तरी एकच जंतू गायीच्या आत स्वतःचं रूप बदलत राहतो. त्याच्या अंगावर प्रोटीनचा एक थर असतो, त्या थराचे अनेक जीन त्याच्याकडे तयार असतात पण चालू एका वेळी एकच, आणि डीएनएचा तुकडा उलटा फिरवून तो दुसरा चालू करतो. गायीच्या शरीराने पहिल्या थराविरुद्ध अँटीबॉडी बनवेपर्यंत हा कोट बदलून मोकळा! त्यामुळे काही गायी कित्येक महिने जंतू बाळगून असतात, बऱ्याचशा मात्र काही महिन्यांत आपोआप बऱ्या होऊन गाभण राहतात.

वळू तसा बरा होईलच असं नाही, वय ४ वर्षांच्या पुढे असेल तर जास्तच शंका, कारण शिश्नावरणातल्या घड्या खोल होतात आणि जंतू तिथे आरामात राहतो. रिपोर्ट काहीही म्हणो, आत्ता नैसर्गिक भरवणं थांबवा आणि तपासलेल्या वळूंच्या रेतमात्रांनी कृत्रिम रेतन करा. सॅम्पल परत द्याल तेव्हा ट्रान्सपोर्ट मीडियातच पाठवा, हा जंतू हवेतल्या ऑक्सिजनने पटकन मरतो आणि मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो. एका निगेटिव्हवर वळूला मोकळा सोडू नका, काही दिवसांच्या अंतराने परत तपासा.

प्रश्न: गायी गाभडवणाऱ्या ब्रुसेला या जंतूचेही असे स्ट्रेन असतात का?

उत्तर: असतात, पण ब्रुसेला अबॉर्टसचे जीनोम जवळपास एकसारखेच. म्हणून डीएनएतले छोटे तुकडे किती वेळा लागोपाठ आलेत ते मोजून स्ट्रेन ओळखतात आणि लागण कुठल्या कळपातून आली ते शोधतात. याची लागण माणसालाही होते, तेव्हा गाभडलेल्या गायीचा जार उघड्या हाताने काढू नका.