घरी दिसत असताना माणसं तिथं जातात कशाला?

प्रश्न : सामना असो की गाण्याचा मोठा कार्यक्रम, घरच्या पडद्यावर तो जास्त स्वच्छ दिसतो. तरी लोक रजा टाकून, साठवलेले पैसे मोडून हजार किलोमीटरवर जातात. हा निव्वळ मिरवण्याचा प्रकार नाही का?

मिरवणं त्यात असतंच, ते कशाला नाकारा! पण तेवढ्यासाठी कुणी दोन रात्री गाडीत अवघडून बसत नाही. पर्यटनाचे अभ्यासक कारणांचे दोन ढीग करतात : माणसाला घराबाहेर ढकलणारी आणि एखाद्या ठिकाणाकडे ओढणारी. जॉन क्रॉम्प्टन यांनी ३९ जणांच्या सविस्तर मुलाखती घेऊन १९७९ मध्ये नऊ कारणं मांडली. त्यातली सात ढकलणारी होती : रोजच्या रहाटगाडग्यातून सुटका, स्वतःला जोखून पाहणं, विसावा, प्रतिष्ठा, पुन्हा पोरासारखं वागायची मुभा, घरच्यांशी जवळीक आणि नव्या माणसांची ओळख. ठिकाणाशी थेट नातं सांगणारी दोनच, नावीन्य आणि ज्ञान. तुम्ही म्हणता ते मिरवणं म्हणजे नवातलं एक.

या मुलाखती सुटीतल्या सहलींबद्दलच्या होत्या. मोठ्या कार्यक्रमाला आणखी एक गोष्ट असते : तारीख. डोंगर पुढच्या वर्षीही तिथंच असतो, अंतिम सामना नसतो. जुन्या मित्रांची 'एकदा भेटू या' ही वर्षानुवर्षं लोंबकळत पडलेली बात त्या तारखेमुळे एका संध्याकाळी पक्की होते. म्हणून एखादा तिथं का गेला हे समजून घ्यायचं, तर कार्यक्रमपत्रिकेआधी त्याला पहिला फोन कुणाचा आला ते विचारावं.

आणि पडद्याबद्दल. चित्र घरी येतं, आपला आवाज तिकडे जात नाही. हजारो माणसांचं लक्ष एकाच क्षणी एकाच गोष्टीवर खिळलं की प्रत्येकाच्या भावनेला उधाण येतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्येच या सामूहिक उधाणाबद्दल लिहिलं आहे. त्यांचा विषय धार्मिक विधी होता, पण भरलेल्या मैदानालाही ते वर्णन चपखल बसतं.

काही गोष्टी मात्र गर्दी वजा केली तरी घरी मिळत नाहीत. खग्रास सूर्यग्रहण घ्या. '९९ टक्के ग्रहण गच्चीतून दिसणार आहे, मग जायचं कशाला' हा हिशेब चुकतो, कारण उरलेला एक टक्का सूर्य प्रभामंडलापेक्षा, म्हणजे सूर्याभोवतीच्या फिकट तेजोवलयापेक्षा, हजारो पटींनी तेजस्वी असतो आणि ते दिसूच देत नाही. प्रभामंडल पाहायचं तर चंद्राच्या सावलीच्या पट्ट्यातच जावं लागतं. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाचा पट्टा दक्षिण स्पेनवरून उत्तर आफ्रिकेत उतरतो आणि इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त टिकते. जाणारे बहुतेक जण पट्ट्याच्या मध्यरेषेवरच जागा शोधतात. त्याची गरज नसते. मध्यरेषेपासून कडेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर उभं राहिलं तर वेळ जेमतेम १३ टक्क्यांनी घटतो. नऊ दशांश अंतरावर मात्र निम्म्याहून जास्त हातचा जातो. तेव्हा कड टाळा, मध्यासाठी चेंगरू नका.

प्रश्न : आम्ही एक मोठं प्रदर्शन भरवतो. 'का आलात?' असं विचारलं की दहापैकी नऊ जण 'कार्यक्रम चांगला असतो' यावर खूण करतात. या उत्तराचं करायचं काय?

काही करता येत नाही. दोष प्रश्नाचा आहे. 'का' विचारलं की माणूस शोभेलसं कारण देतो, आणि फाटकाशी घाईत असला तर यादीतलं पहिलं. त्याऐवजी घडलेलं विचारा : यायचं कधी ठरलं? विषय पहिल्यांदा कुणी काढला? सोबत कोण आहे? कशामुळे बेत जवळजवळ रद्द झाला होता? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यांत कामाची. मुक्कामाची सोय, परतीची शेवटची गाडी, सोबतचं लहान मूल, असं काहीतरी निघतं आणि त्यातलं बरंच तुमच्या हातात असतं.

बाहेरगावच्या पाहुण्यांना एक प्रश्न विचारायलाच हवा : 'हे प्रदर्शन नसतं, तर या दिवसांत तुम्ही इथं आला असतात का?' यातून दोन गट वेगळे होतात. एक, ज्यांना कधीतरी यायचंच होतं, त्यांनी फक्त तारीख जुळवून घेतली. दुसरा, जे भलत्याच कामाला आले होते आणि सहज डोकावले. या दोघांनी शहरात केलेला खर्च प्रदर्शनाच्या खात्यावर मांडला की आकडा फुगतो, आणि बहुतेक अहवाल इथंच फसतात. उलट बाजूही असते. गर्दीच्या धास्तीने येणारेही येत नाहीत. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडनला ऑलिंपिक चालू असताना ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमी भरली. आलेल्यांनी खर्च मात्र जास्त केला.

आता पद्धत. फाटकाशी, पहिल्या तासात विचारू नका. तेव्हा आलेले सगळे हौशी असतात. दिवसाचे चार भाग पाडा आणि बाहेर पडणाऱ्या वाटेवर दर विसाव्या माणसाला थांबवा. घोळक्यात नेहमी एकच पुढे होऊन बोलतो, बहुधा ज्याने बेत आखला तोच. त्याची कारणं बाकीच्यांची नसतात. म्हणून ज्याचा वाढदिवस सर्वांत जवळ आला आहे त्याला प्रश्न विचारा. हसत का होईना, गट ऐकतो. निवड अशी नीट केली तर सुमारे ४०० उत्तरं पुरतात. टक्केवारीत पाच इकडे-तिकडे एवढीच चूक राहते. मनाला येईल त्याला थांबवलंत, तर चार हजार प्रश्नावल्या भरूनही हाती काही लागत नाही. कारणांची यादी द्यायचीच असेल तर प्रत्येक प्रश्नावलीत तिचा क्रम बदला.

प्रश्न : एका कार्यक्रमाचं तिकीट सहा महिन्यांपूर्वी काढलं, परत करता येत नाही. आता अजिबात जावंसं वाटत नाही. पैसे वाया घालवायचे का?

ते गेलेच आहेत. गेलात तरी, न गेलात तरी. आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये एक प्रसंग लोकांपुढे ठेवला : स्कीइंगच्या एका सहलीचं तिकीट १०० डॉलरचं, दुसरीचं ५० डॉलरचं, दोन्ही तुमच्याच खिशात, मजा ५० वालीत जास्त येणार, पण दोन्ही एकाच शनिवार-रविवारी. निम्म्याहून जास्त लोकांनी १०० डॉलरची निवडली. तुम्ही त्याच पेचात आहात. सुटायचा उपाय : हेच तिकीट आज कुणी फुकट दिलं असतं तर निघाला असतात का, एवढंच पाहा. उत्तर 'नाही' असेल तर पुढचा प्रवासखर्च, मुक्काम आणि रजा तरी वाचेल. 'नाही'मागे नुसता कंटाळा असेल, तर सोबत कोण येतंय ते आठवून पुन्हा विचार करा.

प्रश्न : आई सत्तरीची आहे, तिला एका मोठ्या कार्यक्रमाला यायची फार इच्छा आहे. मला गर्दीची धास्ती वाटते. न्यावं का?

धास्ती नेमकी कशाची धरायची ते ठरवा. एकूण लाखभर माणसं हा आकडा भीती घालतो, पण घात होतो तो दाटीने. एका चौरस मीटरमध्ये चार जण असले की चाल मंदावते. सातच्या आसपास पोचलं की गर्दी पाण्यासारखी हेलकावते आणि कुणाच्याच पायावर ताबा राहत नाही. दक्षिण कोरियातल्या सोलच्या इटेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्रीच्या चेंगराचेंगरीत दीडशेहून जास्त जण दगावले, ती झाली एका अरुंद, उताराच्या गल्लीत. म्हणून ठरवण्याआधी बैठक क्रमांकाची आहे की मोकळी, आणि आत-बाहेर जायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत का, हे दोन मुद्दे आयोजकांकडून विचारून घ्या. क्रमांकाची खुर्ची आणि वेगळी वाट असेल तर न्या.

बहुतेकांचा बेत परतीला कोलमडतो. येणारे दिवसभर, कधी दोन-तीन दिवसांत पसरून येतात, निघतात एकदम. २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणानंतर अमेरिकेतले रस्ते असेच तासन् तास तुंबले होते. कार्यक्रम संपल्यावर खुर्चीतच तासभर बसून राहता येतं का, आणि त्या वेळात स्वच्छतागृह उघडं असतं का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. आईची औषधं, पाणी आणि पातळ शाल सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा; आणि चुकामूक झाली तर भेटायला बाहेरच्या एखाद्या खांबाचा क्रमांक आत जातानाच ठरवून ठेवा, कारण गर्दीत फोन लागत नाहीत.