जळगावच्या नवोदित फुटबॉल फॉरवर्डला

भुसावळच्या मैदानावर तुझा खेळ पाहिला, म्हणून मनापासून लिहितो. खालच्या श्रेणीतील क्लब अनेकदा एकाच हंगामाचा करार करतात. त्यामुळे सही करण्यापूर्वी मानधन, निवास आणि दुखापतीवरील उपचारांचा खर्च यांचा लेखी उल्लेख आहे का, हे स्वतः वाच, कारण माझा गुडघा दुखावला तेव्हा तोंडी शब्द देणाऱ्यांनी फोनही उचलला नाही. पदवी मात्र पूर्ण कर; त्याने खेळात उशीर होईल असं समजू नकोस. इंग्लंडचा फॉरवर्ड जेमी वार्डी २०१२मध्ये, पंचविसाव्या वर्षी, इंग्लंडच्या पाचव्या श्रेणीत खेळून लेस्टर सिटीकडे गेला आणि २०१६मध्ये प्रीमियर लीग या तिथल्या सर्वोच्च श्रेणीचा विजेता ठरला. सहकाऱ्याने पाससाठी मान वर करताच बचावपटूच्या खांद्यामागून सुटणारी त्याची धाव बारकाईने पाहा; तू अजून अर्धा क्षण आधीच निघतोस, पास सुटण्यापूर्वीच बचावपटूंच्या पुढे जातोस आणि ऑफसाइड होतोस.