'अ‍ॅक्टर-मॅनेजर' म्हणजे 'नट-व्यवस्थापक' का?

हर्बर्ट बीरबोम ट्री या इंग्लिश नटावरच्या लेखाचं मराठी करताना 'अ‍ॅक्टर-मॅनेजर'ला 'नट-व्यवस्थापक' लिहिलंय, चालेल का, असा प्रश्न आहे.

कोशाप्रमाणे चालेल, पण वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. नाटकाचा व्यवस्थापक म्हटलं की आपल्याला तिकीटबारी, प्रयोगाच्या तारखा आणि दौऱ्याची बस सांभाळणारा गृहस्थ दिसतो. ट्री तसला नव्हे. 1887 साली त्याने लंडनचं हेमार्केट थिएटर चालवायला घेतलं आणि 1897 साली त्याच्या समोरच 'हर मॅजेस्टीज' हे स्वतःचं थिएटर उभं केलं. नाटक तोच निवडणार, तालमी तोच घेणार, मोठी भूमिकाही बहुधा त्याचीच, आणि नाटक पडलं तर खड्डाही त्याच्याच खिशाला. तेव्हाच्या इंग्लिश रंगभूमीवरचा 'मॅनेजर' हा आपल्या निर्मात्याच्या जवळचा.

असा माणूस आपल्याला नवा नाही. 1908 साली 'ललितकलादर्श' काढणारे केशवराव भोसले घ्या: कंपनी त्यांची आणि गाणारा नटही तेच. संगीत नाटकांच्या काळातली 'कंपनीचे मालक' ही पदवी इथे आयती मिळते, ती सोडून सरकारी वळणाचं 'व्यवस्थापक' कशाला?

फक्त क्रम सांभाळा. 'नटमालक' लिहिलंत तर 'घरमालक', 'गिरणीमालक' यांच्या ओळीत जाऊन बसेल आणि नटांचा मालक असा अर्थ लागेल (काही कंपन्यांत तोही खोटा नसावा!). 'मालक-नट' लिहा, मालक तोच नट हे लगेच कळतं.

एक मेख आहे. लेखात ट्रीच्या सिनेमांचा भाग आला की हा शब्द तिथे ओढू नका. 1899 साली शेक्सपिअरच्या 'किंग जॉन' नाटकातले काही प्रवेश त्याने कॅमेऱ्यासमोर केले. त्यातला राजाच्या मरणाचा जेमतेम मिनिटभराचा तुकडा आजही बघता येतो. 1911 साली त्याच्याच थिएटरात गाजलेल्या 'हेन्री द एट्थ'चं चित्रण विल बार्कर या चित्रपट-निर्मात्याने केलं. ट्रीला 1,000 पौंड मिळाले, चित्रपट सहा आठवडे दाखवला आणि मग त्याच्या प्रती चक्क जाळून टाकल्या. 1916 साली तो अमेरिकेत 'मॅकबेथ' झाला, तोही चित्रपट आज हाती नाही. या सगळ्यात चित्रपट दुसऱ्याचा होता, ट्री त्यात नुसता काम करणारा. तिथे नुसतं 'नट' लिहा.