घराभोवतीच्या कलमांच्या उंच फांद्या छाटायला कुठला पोल सॉ घ्यावा?

संगमेश्वरजवळ घर, भोवती आठ-नऊ जुनी हापूसची कलमं, दोन फणस, एक रायवळ (कलम न केलेला, कोयीपासून वाढलेला आंबा) कौलांवर झुकलेला, आणि तुमची फेरी वर्षातून दोनदा. त्यावर तुमचा प्रश्न असा की पोल सॉ, म्हणजे लांब दांड्याच्या टोकावर बसवलेला चेनसॉ, पेट्रोलचा घ्यावा की बॅटरीचा, आणि सगळ्यात लांब दांड्याचा कुठला. माझं उत्तर: 36 व्होल्टचा बॅटरीवाला, 10 इंची बारचा (बार म्हणजे जिच्यावर चेन फिरते ती पट्टी), दांडा पावणेतीन मीटरच्या आसपास. सगळ्यात लांब तर मुळीच नको.

लांबीचं गणित दुकानात कोणी मांडून दाखवत नाही. दांडा जमिनीशी 60 अंशांपेक्षा उभा धरायचा नसतो, नाहीतर कापलेली फांदी दांड्यावरून घसरत थेट अंगावर येते. मागचं टोक कंबरेशी, म्हणजे साधारण 1 मीटरवर. 2.7 मीटरच्या मशीनचा बार मग 3.3 मीटर उंचीवर पोचतो, म्हणजे 11 फूट. 4 मीटरच्या मशीनचा पोचतो साडेचार मीटरवर, म्हणजे 15 फुटांच्या आत. सव्वा मीटर जादा दांडा घेऊन हातात पडतात चार फूट. खोक्यावर छापलेली ‘पोहोच’ माणसाची उंची आणि वर केलेले हात धरून सांगितलेली असते. त्या चार फुटांसाठी 7-8 किलोचं पेट्रोल मशीन दोन मीटर पुढे तोललेलं धरायचं. टेलिस्कोपिक दांडा पूर्ण उघडला की टोक डुलतं, चेन फांदीला टेकताना उडते आणि साल ओरबाडते. जुनी कलमं 30-40 फूट जातात, त्यांचा शेंडा 4 मीटरच्या मशीनलाही मिळत नाही. तिथे दोर बांधून चढणारा माहीतगार गडी आणि हातकरवत, दुसरा इलाज नाही. शिडीवर उभं राहून पोल सॉ चालवणाऱ्याला मी काहीच सांगणार नाही, तो ऐकणारा नसतोच.

पेट्रोल नको म्हणतो ते वजनापेक्षाही तुमच्या वर्षातून दोन फेऱ्यांमुळे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात टाकीत राहिलेल्या पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणाचे थर वेगळे होतात. कार्ब्युरेटरचा पातळ पडदा कडक होतो, दिवाळीत दोरी ओढत बसा. पेट्रोलच घेणार असाल तर मिश्रण लागेल तेवढंच करा. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल लिटरला 20 मिली, स्वस्त चिनी इंजिनाच्या पुस्तकात 25:1 लिहिलं असेल तर 40 मिली. महिन्याच्यावर ठेवू नका. काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. शंभर-दोनशे कलमांची बाग असेल, छाटणीचं कंत्राट घेत असाल, तर पेट्रोलला पर्याय नाही. आठ-नऊ झाडांना ती भानगड कशाला?

बॅटरी घेताना आकड्यांना भुलू नका. 18 आणि ‘20 व्होल्ट’ एकच: आत पाच सेल, काम करताना 3.6 च्या हिशेबाने 18, पूर्ण चार्ज झाल्या झाल्या 20-21. ‘40 व्होल्ट’ म्हणजे तेच दहा सेल, खरे 36. ऑनलाइन मिळणाऱ्या काठीवरच्या मिनी चेनसॉवर 48, 88 असे आकडे असतात ते व्होल्ट नसतात, आत बहुधा पाचच सेल निघतात, आणि चेनला तेल द्यायला पंपही नसतो. पेरू-जास्वंदीला ठीक. कलमाच्या मनगटाएवढ्या फांदीत तो अडकतो. 36 व्होल्ट गुणिले 4 अँपिअर-तास म्हणजे 144 वॉट-तास ऊर्जा, तुमच्या एका सकाळच्या कामाला पुरते. परत जाताना बॅटरी मशीनमधून काढून अर्धी चार्ज ठेवा. पूर्ण उतरलेली सहा महिने पडली की चार्जर तिला ओळखत नाही.

घरात आधीच ग्रासकटर असेल तर त्याला पोल सॉची अटॅचमेंट जोडता येते, स्वस्तात काम होतं. फक्त नळीचा व्यास (26 की 28 मिमी) आणि आतल्या शाफ्टचे दाते (7 की 9) मोजून न्या. दुकानदार ‘सगळ्याला बसतं’ म्हणेल.

आता तुम्ही न विचारलेलं, पण ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. ‘मशीनने कापलं की कलम मरतं, कोयताच बरा’ हे वाडीवाडीत ऐकू येतं, तुम्हालाही शेजारी ऐकवतीलच. मला ते मान्य नाही. तुमच्या त्या कौलांवरच्या रायवळाचंच घ्या. फांदी सहा इंच जाड. माणूस मशीन घेऊन येतो आणि खोडाला चिकटून वरून सरळ कापायला लागतो. निम्मी कापून झाली की फांदी स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि खालची साल खोडावरून हातभर सोलत नेते. नाहीतर काप मिटतो, बार चिमटला जातो आणि मशीन वर लटकतं. ओलं आंब्याचं लाकूड 15 सेंमी जाड, 3 मीटर लांब असेल तर पाला सोडून 40 किलोच्या वर भरतं, ते कौलांवर. सोललेल्या जागी पावसात पाणी मुरतं, भिरूड (खोड पोखरणारा किडा) शिरतो, दोन-तीन वर्षांत बुंध्याशी भुसा दिसायला लागतो. आणि नाव कोणाचं? मशीनचं. कोयत्याने तोच माणूस तेच करतो, वर कापाला दहा घाव आणि ठेचलेली साल. वीतभराची खुंटी ठेवून सोडतो ती वेगळीच. ती वाळते, कुजते आणि कूज आत खोडात नेते.

नीट कापायचं तर तीन काप. खोडापासून एक-दीड फूट सोडून पहिला काप खालून, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. बारच्या वरच्या कडेने कापताना चेन मशीन तुमच्याकडे ढकलते, म्हणून दांडा दोन्ही हातांत घट्ट. बार चिमटायला लागतोय असं वाटलं की थांबा. दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा दोन-तीन इंच शेंड्याकडे. बारच्या बुडाशी असलेला आकडा फांदीला टेकवा, वजन मशीनचंच पुरतं, वर जोर देऊ नका. फांदी दोन कापांच्या मधल्या पायरीवर तुटते, साल सोलली जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा, पण खोडाला घासून नाही. फांदीच्या बुडाशी फुगीर, सुरकुतलेला गळा असतो, त्याच्या जरा बाहेर. जखम भरते ती त्या गळ्यातून. तो कापलात की ती वर्षानुवर्षं उघडी.

कौलांवरची फांदी मात्र शेंड्याकडून दोन-दोन फुटांचे तुकडे करत आत या, शेवटच्या जाड तुकड्याला दोर बांधून गडी लांबून धरेल. 15 सेंमीच्यावर जाडी असेल तर पोल सॉने हात लावू नका, बार 10 इंचाचा असला तरी.

बांडगुळासाठी तर हे हत्यार बनवल्यासारखं आहे. गाठीजवळ तोडलं तर ते पुन्हा फुटतं, कारण त्याची मुळं फांदीच्या आत गेलेली असतात. गाठीच्या फूट-दीड फूट खाली, खोडाच्या बाजूला, फांदीच काढा, आणि त्याला फळं धरायच्या आत, नाहीतर पक्षी पुढच्या कलमावर नेतात.

कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट. 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, बादल्या प्लॅस्टिकच्या, मग एकत्र. लोखंडी खिळा बुडवून तांबूस झाला तर चुना कमी आहे, आणखी घाला. ब्रश बांबूला बांधला की वर पोचतो. शिळी पेस्ट उपयोगाची नाही.

चेनला जळालेलं ऑइल घालायची पद्धत मशीन मारते. त्यातली धातूची कीस पंप घासते आणि काळे शिंतोडे पानाफळांवर. चेन ऑइल नाही मिळालं तर नवं इंजिन ऑइल चालेल. दुकानात मशीन चालू करून बारचं टोक कागदापुढे धरा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर ते मशीन घेऊ नका. फणसाचा चीक चेनवर वाळू देऊ नका, बॅटरी काढून लगेच डिझेलच्या फडक्याने पुसा. भुकटी पडायला लागली, चिपळ्या पडेनात, की धार गेली. 1/4 इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं माप) बारीक चेनला बहुतेक वेळा 3.2 मिमीची गोल कानस, 3/8 लो-प्रोफाइलला 4 मिमीची, पण पाकिटावरचा आकडा बघून घ्या. चेन नवी असताना लांबते, पहिल्या काही फांद्यांनंतर ताण परत बघा: बारखाली लोंबायला नको, आणि हाताने ओढली की फिरायला हवी.

हे आधी लिहायला हवं होतं: दांडा ॲल्युमिनियमचा असतो, फायबरचा असला तरी ओला-मळका झाला की भरवसा नाही. विजेच्या तारांपासून 15 मीटरच्या आत काम करू नका. तार फांद्यांतून जात असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयाला सांगून लाइन बंद करून घ्या, आणि बंद आहे याची खात्री वायरमनने करायची, तुम्ही नाही. हेल्मेट आणि गॉगल हवेतच, भुसा आणि लाल मुंग्या दोन्ही वरून डोळ्यांत येतात. झाडाखाली दुसरा माणूस नको.

फांदी छाटण्यापुढे जाऊन रायवळ बुंध्यातूनच पाडायचा विचार असेल तर आधी परवानगी: आंबा आणि फणस दोन्ही 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. पालिका हद्दीत 1975 चा कायदा लागतो आणि तिथे फांदीलाही आधी विचारावं लागतं. माडाला हे मशीन लावू नका, झावळी दांड्यावरून सरळ खाली येते. आणि खरेदीच्या वेळीच दोन चेन जादा घेऊन ठेवा, त्याच पिचच्या, तेवढ्याच ड्राइव्ह लिंकच्या (बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्या); गावच्या बाजारात 3/8 मिळते, 1/4 सहसा मिळत नाही.