खानदेशच्या उन्हात घरच्या अंगणात ड्रॅगन फ्रूट येते का, आणि घरचे फळ बाजारातल्यापेक्षा वेगळे लागते का?

आपण लिहिले आहे की धुळ्याला घरामागे दहा-बारा फूट मोकळी जागा आहे आणि तिथे ड्रॅगन फ्रूटची एक-दोन रोपे लावण्याचा विचार आहे. पण बाजारातून दोनदा आणलेले फळ घरात सर्वांना पांचट लागल्याने एवढा खटाटोप करावा की नाही, हा प्रश्न पडला आहे. मी अमळनेरला राहते आणि गेली सहा वर्षे परसात या झाडाचे चार खांब सांभाळते आहे (हा वेल खांबावर चढवतात), त्या अनुभवावरून सांगते. घरचे फळ निश्चितच वेगळे लागते, आणि याचे मुख्य कारण तोडणीचा दिवस हे आहे. माती किंवा शेणखत यांचा वाटा त्या मानाने थोडा असतो.

आपण केळीच्या मुलखातली माणसे असल्यामुळे फळ हिरवे उतरवले तरी चार दिवसांत घरी पिकते, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ड्रॅगन फ्रूटला हा नियम लागू होत नाही. झाडावरून उतरवल्यानंतर ते मऊ पडते, सुरकुतते, पण त्याची गोडी वाढत नाही. फूल उमलल्यापासून साधारण सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत हिरवे फळ तीन-चार दिवसांत गुलाबी होते आणि लांबच्या बाजारात पाठवायचे असेल तर ते याच सुमारास तोडावे लागते, कारण पूर्ण पिकलेले फळ प्रवासात टिकत नाही. यात व्यापाऱ्याचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. परंतु गोडी भरण्याचे काम रंग आल्यानंतरच्या चार-सहा दिवसांतही चालूच असते. एका वर्षी एकाच रात्री उमललेल्या दोन फुलांची फळे मी मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी उतरवली, एक अठ्ठाविसाव्या दिवशी आणि दुसरे तेहेतिसाव्या. डाळिंबाची बाग असलेल्या माझ्या मावसभावाने गोडी मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर आणले होते. त्यात पहिल्याचा ब्रिक्स (रसातील गोडीचा आकडा) 11 आला आणि दुसऱ्याचा 15. त्याच फळाचा सालीजवळचा रस घेतला तेव्हा आकडा पुन्हा खाली आला, कारण या फळाची खरी गोडी मधल्या गाभ्यात असते. म्हणून आम्ही ते आडव्या चकत्यांऐवजी उभे चिरतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडा गाभा येतो.

आता लागवडीकडे वळते, आणि येथे माझी पहिली चूक आधी सांगितली पाहिजे. हे झाड निवडुंगाच्या कुळातले आहे एवढेच ऐकून मी पहिल्या वर्षी दोन कांड्या पश्चिमेच्या भिंतीलगत, दिवसभर ऊन मिळेल अशा जागी लावल्या. वास्तविक हा निवडुंग वाळवंटातला नव्हे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत तो मोठ्या झाडांवर चढणारा वेल आहे आणि त्याला पानांतून गाळून आलेले ऊन मानवते. आपल्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, गच्चीवर घातलेल्या कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळतात, आणि त्याच उन्हात माझ्या वेलाच्या पश्चिमेकडच्या कडा आधी पिवळ्या, मग पांढुरक्या आणि शेवटी तपकिरी झाल्या. मला वाटले की पाणी कमी पडले, म्हणून मी रोज बादलीभर ओतत राहिले. पुढे पावसाळा लागताच त्या भाजलेल्या डागांतून सड शिरली आणि दोन्ही वेल बुडापासून लिबलिबीत होऊन गेले.

सध्याचे चारही खांब पूर्वेच्या अंगाला, शेवग्याच्या झाडापासून थोड्या अंतरावर आहेत, त्यामुळे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी विरळ सावली येते. शेवगा नसेल तर मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अर्धे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी. माझ्या एका खांबावर उन्हाळाभर जुने सुती लुगडे असते आणि तेही तेवढेच काम देते. जाळी मात्र पाऊस सुरू होताच काढावी, कारण कायमच्या गर्द सावलीत वेल हिरवागार दिसतो, पण कळ्या धरत नाही.

दुसरा शत्रू आपली काळी माती. कपाशीला ती कितीही चांगली असली तरी या झाडाची मुळे वरवरची असतात आणि श्रावणात चार दिवस पाणी साचले की ती कुजतात. त्यामुळे खड्डा करून लावण्यापेक्षा जमिनीवर दीड फूट उंचीचा ढीग करून त्यावर लावणे बरे. मी दोन भाग बारीक मुरूम, एक भाग माती आणि एक भाग जुने, पूर्ण कुजलेले शेणखत घेते. पाणी उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि तेही बोट खुपसून माती कोरडी लागल्यावरच द्यावे.

रोप बियांपासून करू नये, कारण फळासाठी काही वर्षे थांबावे लागते. हातभर लांबीची, गर्द हिरवी, पक्की कांडी आणून तिचा कापलेला भाग सावलीत पाच-सात दिवस सुकू द्यावा आणि मगच मातीत दोन-तीन इंच रोवावी. अशा रोपाला साधारण दीड वर्षात फूल येऊ शकते. जमिनीवर पाच फूट राहील असा सिमेंटचा खांब हवा आणि त्याच्या डोक्यावर स्कूटरचे जुने टायर बसवलेले हवे. खांबाच्या माथ्यापर्यंत एकच धुमारा चढू द्यावा, बाजूची फूट काढत राहावी आणि माथा गाठल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून टायरवरून खाली लोंबतात. कळ्या मुख्यतः या लोंबत्या, जून फांद्यांवर येतात. हौसेने सगळीच फूट ठेवणाऱ्यांच्या अंगणात नुसते जंगल माजलेले मी पाहिले आहे.

मृगाचा पाऊस झाला की कळ्यांचा पहिला बहार दिसू लागतो आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने येत राहतो. फूल एकाच रात्रीचे असते. आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, त्याचे हे भावंडच आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास पाकळ्या सुटू लागतात, दहापर्यंत वीतभराहून मोठे पांढरे फूल पूर्ण उघडते आणि सकाळी ऊन चढताच मान टाकते. शास्त्रज्ञ आता या झाडाला ज्या सेलेनिसेरियस प्रजातीत धरतात, तिचे नाव सेलेने या ग्रीक चंद्रदेवतेवरून आले आहे, ते या रात्रीच्या फुलण्यामुळेच.

पांढऱ्या गराची जात बहुधा स्वतःच्याच परागावर फळ धरते. लाल गराच्या बऱ्याच जातींना मात्र दुसऱ्या जातीचे पराग लागतात. माझ्या लाल वेलाची पहिली चार फुले आठवड्याच्या आत पिवळी पडून गळाली, तेव्हा मला हे कळले. आता त्या रात्री मी कपाळाला विजेरी बांधून बशी आणि रंगकामाचा मऊ कुंचला घेऊन जाते. पांढऱ्या वेलाच्या फुलाखाली बशी धरून टिचकी मारली की बेसनासारखे फिकट पिवळे पराग भुरभुरतात आणि ते लाल वेलाच्या फुलातील मधोमध पुढे आलेल्या, बोटे पसरल्यासारख्या दिसणाऱ्या भागावर टेकवायचे असतात. शेजारच्या वहिनी याला 'मध्यरात्रीचे लग्न' म्हणतात. तुम्ही एकच खांब लावणार असाल तर पांढरा लावा, दोन लावणार असाल तर एक पांढरा आणि एक लाल.

चवीविषयी अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नये. पूर्ण पिकलेले पांढरे फळ सौम्य गोड आणि किंचित आंबूस लागते, बिया दाताखाली खसखशीसारख्या येतात. लाल फळ अधिक गोड असते, पण त्याला बिटासारखा मातकट वास असतो, जो आमच्या घरात निम्म्या माणसांना रुचत नाही. दोन्ही थंड करून खावीत. आंब्याशी तुलना केल्यास हे फळ हरणारच. लाल फळ पहिल्यांदा खाल्ले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन लघवीतून रक्त गेल्याचे सांगू लागल्या. बिटातही असणाऱ्या त्याच जातीच्या रंगद्रव्यामुळे तसे होते आणि त्यात धोका नसतो, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. डेंग्यूत या फळाने प्लेटलेट वाढतात या समजुतीला ठोस वैद्यकीय आधार नाही. सुरतेहून आलेले कोणी 'कमलम' म्हणाले तर ते हेच फळ होय. गुजरात सरकारने 2021 च्या जानेवारीत त्याला हे नाव दिले.

रंग येऊ लागताच फळाला जाळीची पिशवी बांधा, नाहीतर बुलबुल आणि खारी आपल्याआधी चव घेतात. फळावरच्या हिरव्या खवल्यांची टोके सुकू लागली आणि अंगठ्याने दाबल्यावर साल किंचित दबली की ते देठाजवळ पिळून उतरवा. पावसाची झड लागणार असेल तर मात्र एक-दोन दिवस आधीच काढा, कारण पिकलेले फळ जास्तीच्या पाण्याने उकलते आणि मग त्यात मुंग्या शिरतात. आपण हा प्रश्न ऐन चैत्रात विचारला आहे, तेव्हा कांडी लावण्याची घाई करू नका. खांब आणि मातीचा ढीग आता करून ठेवा, आणि कांडी पहिले दोन पाऊस पडून हवा निवल्यावर लावा.